कान्हेरीला उसना साक्षीदार कशाला?

१/
बोरिवलीच्या डोंगरातल्या कान्हेरी लेण्यांविषयी एक वाक्य कित्येक वर्षे फिरत आहे : ‘चिनी प्रवासी ह्युएन त्संग येथे येऊन गेला.’ सहलीच्या माहितीत ते सापडते, वाटाड्यांच्या तोंडी ऐकू येते, वारशावरील भाषणांत त्याला टाळी पडते. कुठल्या ग्रंथात, कुठल्या प्रकरणात, असे विचारले की मात्र उत्तर येत नाही. येणारही नाही, कारण ग्रंथात तसा उल्लेखच नाही. हा धागा त्या वाक्यावर आहे, आणि ज्या आळसातून असली वाक्ये उगवतात त्या आळसावरही.

२/
आधी ग्रंथ. श्वानझांग (शालेय पुस्तकांत युआन श्वांग, जुन्या मराठी लेखनात ह्युएन त्संग, एकाच माणसाची इतकी नावे मराठीत नांदतात, यावरूनच त्याच्या ग्रंथाशी मराठीची सलगी किती ते कळावे) इ. स. ६२९च्या सुमारास चीनमधून निघाला आणि ६४५ मध्ये परतला. ६४६ मध्ये त्याचा वृत्तान्त पूर्ण झाला. स्तानिस्लास ज्यूलियाँ यांनी १८५७-५८ मध्ये तो फ्रेंचमध्ये आणला, सॅम्युएल बील यांनी १८८४ मध्ये इंग्रजीत. थॉमस वॉटर्स यांचे विवेचन त्यांच्या मृत्यूनंतर, १९०४-०५ मध्ये प्रसिद्ध झाले. आधीच्या दोघांच्या चुका दाखवण्यात त्यातली बरीच पाने खर्ची पडली आहेत. म्हणजे ग्रंथ हाताशी येऊन दीड शतक उलटले आहे. तो दुर्मीळ होता, ही सबब चालणार नाही.

३/
आता मार्ग. कांचीच्या द्रविड देशातून हा भिक्षू उत्तरेकडे निघाला आणि अरण्यातून सुमारे २,००० ली चालून एका देशी पोचला. त्या देशाच्या चिनी नावामागे मूळ शब्द ‘कोंकणपूर’ असावा, असे अभ्यासकांनी ठरवले. तेथून वायव्येला २,४०० ते २,५०० ली गेल्यावर महाराष्ट्र. महाराष्ट्रातून पश्चिमेला सुमारे १,००० ली जाऊन, नर्मदा ओलांडून भरुकच्छ, म्हणजे भडोच. या दिशा नकाशावर मांडून पाहिल्या की ‘कोंकणपूर’ महाराष्ट्राच्या आग्नेयेला, कर्नाटकाच्या बाजूला कुठेतरी पडते. साष्टी बेट उचलून तिकडे नेण्याची किमया केवळ नावाच्या साधर्म्याने साधली जाते.

४/
महाराष्ट्राच्या प्रकरणात एका डोंगरी विहाराचे सविस्तर वर्णन आहे. परंतु तो विहार देशाच्या पूर्व सीमेवरील पर्वतात असल्याचे ग्रंथ सांगतो. दाराबाहेर दगडी हत्ती, आत उत्तुंग मूर्ती, आणि तो विहार उभारणाऱ्या अर्हताचे नाव आचार किंवा अचल. अजिंठ्याच्या २६व्या लेण्यातील शिलालेखात स्थविर अचलाचा उल्लेख आहे. म्हणून हे वर्णन अजिंठ्याचे, असे बहुसंख्य अभ्यासक मानतात. कान्हेरी तर पश्चिम किनाऱ्यावर. पूर्वेचा पर्वत पश्चिमेला आणायचा असेल तर इतिहास सोडून पुराण लिहावे; तेथे पर्वतांना पंख असतात.

५/
या ग्रंथाचा दुसरा मराठी उपयोग याहून मजेशीर. येथील लोक मानी, उपकार स्मरणारे, अपमानाचा सूड घेणारे, हे त्याचे वर्णन अभिमानाने सांगितले जाते. पुलकेशीपुढे हर्षाचे काही चालले नाही, हेही सांगितले जाते. त्याच परिच्छेदाच्या आसपास तो लिहितो की हरलेल्या सेनापतीला शिक्षा न करता स्त्रीवेष देतात आणि त्या लाजेने तो प्राण देतो. योद्धे लढाईपूर्वी मद्य पितात आणि हत्तींनाही पाजतात. हा भाग सभेत सहसा वाचला जात नाही. परदेशी साक्षीदार बोलवायचा आणि त्याची अर्धीच साक्ष नोंदवायची, अशी ही रीत आहे.

६/
श्वानझांगच्या सव्वादोनशे वर्षे आधी, ३९९ मध्ये, फाश्यान निघाला होता. शाळेतला फाहियान तो हाच. त्याने ‘दक्षिण’ देशातील एका लेणी-विहाराविषयी लिहून ठेवले आहे : काश्यप बुद्धासाठी खडकात कोरलेला, पाच मजली, खालून वर हत्ती, सिंह, घोडा, बैल आणि पारवा यांच्या आकाराचे मजले, तळाला ५०० खोल्या, शेवटी १००. माथ्यावर झरा, आणि त्याचे पाणी प्रत्येक मजल्यावर खोल्यांपुढून वळसे घेत खाली उतरते व दारातून बाहेर पडते. हे वर्णन कुठल्या ना कुठल्या लेण्याला चिकटवण्याचा खेळ एकोणिसाव्या शतकापासून चालत आला आहे.

७/
खेळ खेळणारे एक वाक्य गाळतात. फाश्यान स्वतः कबूल करतो की तो तेथे गेला नाही. वाटा अवघड, त्या देशी जायचे तर राजाला द्रव्य आणि भेटी द्याव्या लागतात, मग राजा वाटाडे देतो. ते जमले नाही, म्हणून लोकांकडून ऐकलेले लिहिले. ही ऐकीव गोष्ट आहे आणि ऐकीव म्हणूनच तिचे मोल आहे. पाचव्या शतकाच्या आरंभी गंगेच्या खोऱ्यात दख्खनच्या लेण्यांची कोणती ख्याती पोचली होती? खडकात कोरलेल्या खोल्या, आणि त्या खोल्यांपुढून फिरवलेले पाणी. मूर्तींचा त्या वर्णनात भर नाही. पाण्याचा आहे.

८/
येथवर चिनी ग्रंथ. आता कान्हेरीकडे वळावे. कारण कान्हेरीला स्वतःची साक्ष आहे आणि ती दगडावर लिहिलेली आहे. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकापासून अकराव्या शतकापर्यंत या डोंगरावर लेख कोरले गेले. प्राकृतात आणि संस्कृतात तर आहेतच, शिवाय १००९ आणि १०२१ साली पारशी यात्रेकरूंनी पहलवी लिपीत आपली नावे येथे कोरून ठेवली. एडवर्ड वेस्ट, भाऊ दाजी, ब्यूलर, बर्जेस यांनी यांतले लेख उतरवले, वाचले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या शोभना गोखले यांनी १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचा स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला. ह्युएन त्संगच्या टाळीबाज वाक्याला जितके श्रोते मिळतात, त्याच्या शंभराव्या हिश्शानेही या बाईंच्या ग्रंथाला वाचक मिळाले असते तर हा धागा लिहिण्याचे कारण उरले नसते.

९/
लेखांत काय आहे? राजांच्या स्तुतीपेक्षा देणग्यांच्या नोंदी अधिक आहेत. कोणी लेणे दिले, कोणी ओटा, कोणी वाट. आणि फार जणांनी पाण्याचे टाके दिले. त्याला प्राकृतात ‘पोढी’ असा शब्द आहे. आजही गडकिल्ले हिंडणारे खडकातल्या टाक्याला पाणपोढी म्हणतात. कल्याणचा सोनार सामिदत्त टाके देतो. कल्याणचाच लोहार नंद वाट करून देतो. भिक्षुणीही दात्यांत आहेत. सोपारा, चौल, नाशिक ही गावे लेखांतून पुन्हा पुन्हा येतात. साष्टीच्या रानातील या डोंगराला बंदरांचा पैसा पोसत होता.

१०/
सगळ्यांत बोलका लेख पाचव्या लेण्याजवळील टाक्यावर आहे. सातवाहनांचा इतिहास शिकणाऱ्या प्रत्येकाला तो ठाऊक असतो. वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक कुळातील, एका महाक्षत्रपाची कन्या. त्या महाक्षत्रपाच्या नावातले ‘रु’ एवढेच अक्षर शाबूत राहिले आहे, त्यावरून तो रुद्रदामन असावा असा निष्कर्ष. सातवाहन आणि क्षत्रप या वैऱ्यांत सोयरीक झाली होती, याचा हा पुरावा. अनेक पुस्तकांत या लेखाची गोष्ट येथेच संपते.

११/
परंतु तो लेख लग्नाची पत्रिका नव्हे. अमात्य सतेरकाने पाण्याचे टाके दिले, ही त्यात नोंदवायची बाब होती. राणीचे कुळ ओघात आले. इतिहासकारांनी ओघातले उचलले आणि मुख्य विधान टाकून दिले. राजघराण्याच्या नात्यांवर प्रबंध होतात. त्या टाक्याच्या मापाची, त्यात उतरणाऱ्या पन्हळींची गोष्ट तळटिपेत जाते. मुंबईच्या उपनगरांत दरसाल २,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत. उरलेले आठ महिने डोंगर कोरडा. अशा जागी शंभराहून अधिक लेण्यांची वस्ती हजार वर्षे टिकली, ती राजकन्येच्या विवाहावर टिकली नाही. पागोळीचे पाणी पन्हळीत, पन्हळीतून टाक्यात, आणि लेण्यागणिक टाके, या व्यवस्थेवर ती टिकली.

१२/
टाके कोरणे एकदाचे काम. गाळ काढणे, वाट नीट ठेवणे, भिक्षूंना चीवर पुरवणे ही दरसालची कामे. त्यांचा पैसा कुठून येई, याचेही उत्तर याच डोंगरावर आहे. ८१व्या लेण्यातील लेख यज्ञश्री सातकर्णीच्या १६व्या वर्षाचा, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातला. कल्याणचा व्यापारी अपरेणुक लेणे आणि मंडप देतो, त्यासोबत २०० कार्षापण आणि मंगलठाण गावातील एक शेत ‘अखयनीवि’ म्हणून देतो. अक्षयनीवी : मुद्दल न मोडणारी ठेव. तिच्या उत्पन्नातून भिक्षूंची वस्त्रे आणि पादत्राणे यांचा खर्च भागवायचा.

१३/
मंगलठाण म्हणजे मागाठाणे. बोरिवलीचे मागाठाणे, मेट्रोचे स्थानक, बेस्टचे आगार, विधानसभेचा मतदारसंघ. ‘उपनगरांना रेल्वेआधी इतिहास नाही’ असे म्हणणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की या गावाच्या शेताचा हिशेब दगडावर कोरला गेला, तेव्हा लंडन हे रोमन साम्राज्याच्या कडेचे एक शहर होते. खुद्द मागाठाण्यातही बौद्ध लेणी आहेत. ती वस्तीने वेढलेली, झिजलेली, दुर्लक्षित आहेत. त्यांच्याजवळून रोज जाणाऱ्यांपैकी कितीजणांना ती माहीत असतील?

१४/
अक्षयनीवी कशी चाले, हे नाशिकच्या १०व्या लेण्यातील उषवदाताच्या लेखातून अधिक स्पष्ट होते. त्याने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. २,००० एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक प्रतीक व्याजाने. १,००० दुसरीकडे, पाऊण प्रतीक व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी १२ कार्षापण. २,००० वर वर्षाला १२ टक्के म्हणजे २४०. २० गुणिले १२ म्हणजेही २४०. हिशेब कवडीपर्यंत जुळतो. ‘प्राचीन भारतीयांना अध्यात्म कळे, जमाखर्च कळत नसे’ या समजुतीला नाशिकच्या डोंगरावर असा कोरीव जबाब आहे.

१५/
ही रीत कान्हेरीवर सहाशे-सातशे वर्षांनंतरही दिसते. राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात उत्तर कोकणात शिलाहार सामंत होते. त्यांच्या काळच्या लेखांत पूजा, विहाराची डागडुजी, चीवरे आणि ग्रंथ यांसाठी वेगवेगळी तरतूद केलेली आढळते. शके ७७५ मधील लेखात गौड देशाहून, म्हणजे बंगालकडून आलेला अविघ्नाकर १०० द्रम्मांची अक्षयनीवी ठेवतो. डागडुजीसाठी वेगळे खाते! आजही संस्था उद्घाटनाला पैसा जमवतात आणि दुरुस्तीला हात आखडतात. तेव्हाच्या दात्याला गळके छप्पर आधी दिसत होते.

१६/
येथे चीन पुन्हा येतो, आणि या वेळी खऱ्या कामासाठी. झाक गेर्ने यांनी १९५६ मध्ये पाचव्या ते दहाव्या शतकांतील चिनी बौद्ध धर्माच्या आर्थिक अंगावर फ्रेंचमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. त्याआधी, १९५० मध्ये, यांग ल्येन-शेंग यांनी चिनी विहारांनी रूढ केलेल्या पैसा उभारण्याच्या पद्धतींवर लेख लिहिला होता. दोघांनीही चिनी विहारांतील ‘वूजिनझांग’चा शोध घेतला. शब्दशः अर्थ : अक्षय कोश. भाविकांनी द्यावे, कोशाने कर्जाऊ द्यावे, वाढाव्यातून विहार दुरुस्त व्हावेत, गरजूंना मिळावे. छांगआनच्या ह्वादू विहारातील असा कोश इतका फुगला की सम्राट श्वानझोंगने ७१३ मध्ये तो बंद करवला.

१७/
या चिनी कोशाचे मूळ भारतीय विनयग्रंथांत आहे. मूलसर्वास्तिवादी पंथाचा विनय यीजिंगने (जुना इत्सिंग) चिनीत उतरवला. हा ६७१ मध्ये समुद्रमार्गे निघून ६९५ मध्ये परतला. पश्चिम भारतात तो आला नाही, म्हणून त्याला कान्हेरीवर आणण्याचा मोह कोणी धरू नये. त्याच्या भाषांतरात वैशालीची एक कथा आहे आणि ग्रेगरी शोपेन यांनी १९९४ च्या एका निबंधात तिचा कसून विचार केला आहे.

१८/
कथा थोडक्यात अशी. दात्यांनी मजलेदार विहार बांधले. ते मोडकळीला येऊ लागले. दात्यांनी डागडुजीसाठी अक्षयनीवी दिली. भिक्षूंनी ती कोठारात ठेवली. विहार पडतच राहिले. दाते येऊन विचारू लागले, ‘दुरुस्ती का नाही?’ भिक्षू म्हणाले, ‘पैसा नाही.’ ‘अक्षयनीवी दिली होती ना?’ ‘ती कोठारात सुरक्षित आहे.’ ‘कोठारे आमच्या घरीही होती. तिथे ठेवायला ती दिली नव्हती.’ प्रकरण बुद्धापर्यंत गेले आणि नियम ठरला : पैसा कामाला लावावा. कर्ज देताना दुप्पट किमतीचे तारण घ्यावे, करारपत्र लिहावे, साक्षीदार ठेवावेत, तारीख, रक्कम आणि व्याज नोंदवावे.

१९/
सावधगिरीही हवी. कान्हेरीच्या लेखांत भद्रायणीय पंथाचे नाव येते; मूलसर्वास्तिवादी नियम जसेच्या तसे त्यांना लावता येत नाहीत. पण भद्रायणीयांचा विनय आज उपलब्ध नाही. हा पंथ वात्सीपुत्रीय परिवारातला, आणि त्या परिवाराच्या ग्रंथांचे जे थोडके अवशेष उरले आहेत ते मुख्यतः चिनी भाषांतरांतच उरले आहेत. बोरिवलीच्या डोंगरावर हजार वर्षांपूर्वी जे ग्रंथ घोकले जात असतील, त्यांच्या सख्ख्या-चुलत भावंडांचा पत्ता शोधायचा तर चिनी लिपीच्या दारात जावे लागते. चिनी वाङ्मयाचा कान्हेरीशी हा खरा संबंध, आणि तो एका प्रवाशाच्या कल्पित भेटीपेक्षा कितीतरी सखोल आहे.

२०/
यीजिंगच्या प्रवासवृत्तान्तात पाण्यावरही बरेच काही आहे. पिण्याचे पाणी आणि हातपाय धुण्याचे पाणी यांची भांडी वेगळी, दररोज सकाळी पाण्यात जीव आहेत का ते पाहणे, गाळून घेणे. नालंदात काळही पाण्याने मोजला जाई. पाण्याने भरलेल्या पात्रात भोक पाडलेली तांब्याची वाटी तरंगत ठेवायची. ती बुडाली की ढोलाचा एक ठोका, पुन्हा बुडाली की दोन, असे चारापर्यंत. ती यंत्रे आणि त्यांवर लक्ष ठेवणारी मुले राजांनी दिलेली. हे वर्णन नालंदाचे आहे. कान्हेरीचे म्हणून ते खपवू नये. पण पाण्याची शिस्त आणि आवाजाची शिस्त यांवर एवढी मोठी वस्ती चाले, ही समज त्यातून मिळते. रात्री-अपरात्री ध्वनिक्षेपक आणि भोंगे सोसणाऱ्या, आवाजाच्या मर्यादेसाठी न्यायालयाचे उंबरे झिजवणाऱ्या शहराला ‘ठोका केव्हा आणि किती’ हा प्रश्न सातव्या शतकातही सुटलेला होता हे वाचून गंमत वाटेल.

२१/
‘चिनी शिकण्याचा हा खटाटोप मराठी माणसाने कशासाठी करावा?’ हा आक्षेप नेहमीचा. तो करणाऱ्यांना पुण्याचा इतिहास ठाऊक नसतो. पु. वि. बापट पालीचे पंडित. त्यांनी ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांची तुलना १९३७ मध्ये प्रसिद्ध केली. ‘विमुत्तिमग्ग’ समग्र उरला होता तो चिनी भाषांतरात, म्हणून त्यांनी चिनी वाचले. पुढे विनयाच्या एका अट्ठकथेच्या चिनी रूपाचे त्यांनी जपानी विद्वान हिराकावा यांच्यासह इंग्रजी भाषांतर केले. ते १९७० मध्ये निघाले. वा. वि. गोखले यांनीही चिनी आणि तिबेटी साधनांवर आयुष्यभर काम केले. ही परंपरा परकी नाही, पेठांतली आहे. ती पुढे चालवणे जड जाते, म्हणून ह्युएन त्संगचे नाव घेऊन मोकळे होणे सोपे पडते.

२२/
दुसरा आक्षेप वेगळ्या दिशेने येतो : ‘मुंबईला पाणी दिले ते इंग्रजांनी.’ अर्धे खरे. १८५४ च्या दुष्काळाने सरकार हादरले, हेन्री कॉनिबेअर यांच्या योजनेनुसार १८५६ मध्ये विहारचे काम सुरू झाले आणि १८६० मध्ये पाणी शहराला मिळाले. पुढे १८७९ मध्ये तुळशी. नळ इंग्रजांचे, यात वाद नाही. पण विहार आणि तुळशी ही दोन्ही तळी कान्हेरीच्याच डोंगररांगेत आहेत. या डोंगरावर पडणारा पाऊस अडवला तर उन्हाळा निभतो, ही गोष्ट सोनार सामिदत्ताला कॉनिबेअरच्या पुष्कळ शतके आधी कळली होती. फरक असा की त्या टाक्यांचे पाणी डोंगरावरच्या माणसांसाठी होते. विहारचे पाणी डोंगराखालच्या साष्टीच्या गावांना ओलांडून बेटावरच्या शहरात गेले.

२३/
आज त्याच डोंगराची जबाबदारी कोणाकडे आहे? लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, भोवतालचे रान वनविभागाकडे, विहार-तुळशी महापालिकेकडे, डोंगराखालून जाणारा ठाणे-बोरिवली जोड बोगदा महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे, गोरेगाव-मुलुंड रस्त्याचा बोगदा पुन्हा महापालिकेकडे. पाणी मात्र एकच. वरून पडते, खडकात मुरते, दहिसर आणि पोईसर या नद्यांतून बोरिवली-कांदिवलीत उतरते आणि वस्तीत पोचेपर्यंत त्याला ‘नाला’ हे नाव मिळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा या नाल्यांनी आपण नद्या असल्याचे सर्वांना सांगितले. त्यानंतर भिंती बांधल्या गेल्या. गाळ दरसाल काढला जातो आणि गाळाच्या कंत्राटांवर दरसाल आरोप होतात.

२४/
देशातील सर्वांत श्रीमंत म्हणवणाऱ्या या महापालिकेच्या मुदतठेवी काही दशसहस्र कोटींच्या घरात आहेत. त्यांतला मोठा भाग कर्मचाऱ्यांच्या निधीला आणि ठरलेल्या प्रकल्पांना बांधलेला असतो, असे प्रशासन सांगते, आणि ते खोटे म्हणण्याचे कारण नाही. ठेवी प्रकल्पांकडे वळवल्या की ‘ठेवी मोडल्या’ म्हणून ओरड होते, न वळवल्या की ‘पैसा सडतो’ म्हणून. वैशालीचे दाते यांतले एकही वाक्य बोलले नव्हते. त्यांनी विचारले होते : मुद्दल कोणाच्या नावे, व्याज कशासाठी, आणि छप्पर अजून का गळते? महापालिकेच्या अंदाजपत्रकात दहिसर नदीच्या कायम निगराणीसाठी स्वतंत्र, न मोडणारी ठेव का नसावी? तिचे व्याज दुसरीकडे वळवता येणार नाही, असा ठराव का नसावा? अपरेणुकाने दोनशे नाण्यांत आणि एका शेतात जे केले, ते एवढ्या मोठ्या तिजोरीला का जड जावे?

२५/
‘दोन हजार वर्षांपूर्वीच्या भिक्षूंची व्यवस्था कोट्यवधींच्या महानगराला कशी लावणार?’ लावू नये. त्या व्यवस्थेतही दोष होते; ह्वादूचा कोश बंद पडला तो उगाच नव्हे. अक्षय म्हटलेल्या नीवीही कधीतरी क्षय पावल्या, मागाठाण्याचे शेत कधीतरी दुसऱ्याच्या हाती गेले, आणि अकराव्या शतकानंतर कान्हेरीची दानपत्रे थांबली. परंतु दात्याचे नाव, गाव, रक्कम, प्रयोजन आणि लाभार्थी इतके सगळे उघड्यावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल असे लिहून ठेवण्याची रीत तरी घेता येण्याजोगी आहे. उपनगरातील एखाद्या नदीच्या काठी तिच्यावर झालेल्या खर्चाचा असा फलक दिसला तर तो लेण्यांइतकाच प्रेक्षणीय ठरेल.

२६/
राहता राहिले ते वाक्य. ‘ह्युएन त्संग कान्हेरीला आला होता’ हे माहितीपत्रकांतून काढावे. त्या जागी ४९४-९५ मधील ताम्रपटाची गोष्ट लिहावी. १८३९ मध्ये जेम्स बर्ड यांना तो कान्हेरीच्या एका स्तूपात मिळाला. त्रैकूटकांच्या २४५व्या वर्षाचा तो लेख ‘कृष्णगिरी महाविहार’ असे नाव देतो आणि सिंधु देशाहून आलेल्या बुद्धरुचीने स्तूप उभारल्याचे सांगतो. दूरदेशीचा पाहुणाच हवा असेल तर हा आहे, नावागावासकट. बंगालचा अविघ्नाकर आहे. पहलवीत सही करणारे पारशी आहेत. आणि पाचव्या लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्यांवर एक साधा फलक लावावा : ‘हे टाके अमात्य सतेरकाने दिले.’ राणीचे कुळ हवे तर खाली बारीक अक्षरांत.

(धागा समाप्त)